आमचं मशीन, धाकटीची खिडकी

नणंदबाईंचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. "वहिनी, पुढच्या आठवड्यात येते," म्हणाल्या. मी म्हटलं, या की, खिडकीपाशी खाट घालून ठेवते. तर पलीकडून जरा खोकल्या. आमच्या वन्सं खोकल्या की समजावं, पुढचं वाक्य गोड असणार नाही.

"नाही म्हणजे, या खेपेला धाकटीकडे उतरावं म्हणते. उकाडा सोसवत नाही गं आता. तिने ते एसीचं मशीन बसवलंय ना."

हातातली जुडी मी तशीच खाली ठेवली. मी थोरली सून. नणंद येते ती थोरलीच्या घरी उतरते. हे कुठे लिहिलेलं नाही खरं, पण सूर्य पूर्वेला उगवतो हे तरी कोणी लिहून दिलंय? वन्सं आल्या की दुपारी दार लोटून आम्ही दोघी शेजारी शेजारी पडतो आणि सगळ्या नातेवाइकांची एकेक करून झडती घेतो. वर्षातून तेवढंच माझं सुख. बाकी वर्षभर ज्यांना बोलायचं त्यांना मी तोंडावर बोलते, त्यात ती मजा नाही.

धाकटी जाऊ राहते आमच्या खालच्याच मजल्यावर. बरोबर माझ्या पायाखाली. इतकी वर्षं ही रचना मला अगदी योग्य वाटत आली होती. पण मशीन आल्यापासून ती जिन्यात भेटली की म्हणायची, "ताई, आमच्याकडे आता दुपारची चादर लागते हो." भर उन्हाळ्यात! बढाई मारायची तर सरळ मारावी, ही अशी कुरकुरीच्या पुडीत बांधून देते.

त्याच संध्याकाळी मी लेकाला घेऊन दुकानात गेले. दुकानदाराने विचारलं, "खोली केवढी आहे?"

"खोलीचं राहू द्या. आमच्या खालच्या मजल्यावर तुम्हीच बसवलंत ना? त्याहून मोठं कुठलं?"

"आजी, एवढ्याशा खोलीत एवढं मशीन लावलंत तर गारठून जाल."

"आजी तुमच्या घरी. आणि गारठले तर चादर घेईन. चादरी आमच्याकडेही आहेत."

लेक दुकानाच्या छताकडे बघत राहिला. त्याची ही सवय वडिलांकडून आलीय.

आता ज्यांच्याकडे हे प्रकरण नाही त्यांच्यासाठी सांगते. मशीन दोन तुकड्यांत येतं. एक लांबट पेटी, ती खोलीत भिंतीवर राहते आणि गोड वागते. दुसरा डबा. तो बाहेरच्या भिंतीवर टांगायचा. आतली सगळी गरमी तो बाहेर ओकत राहतो आणि वजनाला म्हशीच्या रेडकाएवढा असतो. घराघरात एक गोड आणि एक ओझं वाहणारं असतंच, तसं. आमच्या घरात ओझं वाहणारं कोण हे सांगायला नको.

मशीन बसवायला जो माणूस आला त्याला मी 'होऊन जाईल' म्हणते, कारण त्याला दुसरं काही बोलता येत नव्हतं. भिंत बघून म्हणाला, "मागच्या बाजूला टांगू, काकू. नळांच्या बोळात भिंत दणकट आहे."

"मागे? मागे कोण बघणार, कावळे? पुढे टांगा. रस्त्याकडे."

"पुढची भिंत पातळ वाटते."

"वाटू दे. धाकटीचं पुढेच आहे."

"होऊन जाईल," तो म्हणाला.

पुढची भिंत म्हणजे मुळात आमची बाल्कनी. ती बंद करून आम्ही खोली वाढवली होती. धाकटीने वाढवली नव्हती, म्हणून तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. गवंड्याने तिथे उभ्या विटांची एकेरी भिंत घातली होती. पण रंग असा झकास दिला होता की त्यामागे विटा किती आहेत हे विचारायचं कोणाच्या मनातही आलं नाही.

होऊन जाईलने कमरेला पट्टा बांधला, खिडकीतून बाहेर लोंबला आणि ड्रिल लावलं. भिंतीच्या आतल्या बाजूला यांचा फोटो आहे. निवृत्त झाले त्या दिवशीचा, ऑफिसातून मिळालेलं घड्याळ हातात धरून उभे. क्षणभर घर्रर्र झालं आणि ड्रिलचं टोक फोटोतल्या यांच्या कपाळातून बाहेर आलं. हे त्या फोटोखालीच खुर्चीत पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली, स्वतःच्या कपाळात फिरणारं ड्रिल बघितलं आणि म्हणाले, "मला वाटलंच होतं." काय वाटलं होतं, ते आजतागायत सांगितलेलं नाही.

फोटो गेला तो गेलाच, पाठोपाठ एक अख्खी वीट भिंतीतून सुटली आणि खाली सेक्रेटरींच्या कुंडीत जाऊन बसली. सेक्रेटरी म्हणजे आमच्या सोसायटीचे. माणूस वाईट नाही, पण नियमांवर जेवतो आणि नियमांवरच झोपतो. वीट हातात घेऊनच वर आले.

"ही कुठली?"

"आमच्या भिंतीची," मी म्हटलं. खोटं बोलायची मला सवय नाही.

"कुठल्या भिंतीची?"

"ही काय, समोर दिसते ती."

सेक्रेटरींनी भिंतीकडे बघितलंच नाही. "वहिनी, सोसायटीच्या नकाशात इथे बाल्कनी आहे. इथे भिंत नाहीच. जी भिंत नाही तिच्यावर मशीन टांगायला मी परवानगी कशी देणार?"

"भिंत नाही तर भोक कशाला पडलं?"

"भोकही नाही."

"आणि ही वीट?"

त्यांनी जरा विचार केला. "वीट बेवारस आहे," म्हणाले, आणि खुर्चीवर ठेवून दिली.

जिन्यातून मास्तर वर आले. समोरच्या दारातले, गणिताचे मास्तर होते. कोणाकडे काही कोसळलं की यांना त्याचा वास येतो. भोकातून त्यांनी रस्ता बघितला आणि म्हणाले, "भिंतीवर नको, छतापासून साखळ्यांनी टांगा." मग म्हणाले, "नाहीतर खालून टेकू द्या." खालून म्हणजे रस्त्यापासून. मी म्हटलं, त्यापेक्षा मीच खाली उभी राहते हात वर करून. शेवटी होऊन जाईललाच सुचलं. आमच्या खोलीच्या जमिनीच्या पातळीला बाहेरून सिमेंटचा जाडजूड बीम जातो. "बीमला पक्कं बसेल. हत्ती टांगा."

"बीम चालेल," सेक्रेटरी म्हणाले. "बीम नकाशात आहे. पण तो येतो खालच्यांच्या खिडकीच्या डोक्यावर. तेव्हा त्यांची हरकत नाही, असं त्यांच्याकडून लिहून आणा."

खालच्यांची म्हणजे धाकटीची.

मी खुर्चीत बसले. विटेवरच बसले, पण ते नंतर लक्षात आलं. जिच्यावर कुरघोडी करायची तिचीच परवानगी आणायची! गावची पाटलीण असते तर नियम बदलून घेतला असता. पण इथे मी नुसती वरच्या मजल्यावरची बाई. मी यांना म्हटलं, "तुम्ही जा. तुमच्याच भावाचं घर आहे. उभ्या उभ्या कागद घ्या आणि या. चहा घ्यायचा नाही."

हे गेले. बराच वेळ झाला, येईनात. लेकाला पाठवलं, "बाबांना घेऊन ये." लेकही येईना. मग सुनेकडे बघितलं. सून म्हणाली, "आई, जाते मी. पण मी नाही हं तिथे बसणार." आणि जाताना चादर घेऊन गेली.

शेवटी मीच उतरले. जाऊबाईंनी दार उघडलं. "अगं बाई, ताई! या ना." आत बघते तर आमची माणसं ओळीने पसरलेली. हे सोफ्यावर, लेक गालिच्यावर, सून कोपऱ्यात गळ्यापर्यंत चादर ओढून. परक्या गारव्यात तोंडं उघडी टाकून झोपली होती सगळी. घरात माणसाला काय कमी असतं म्हणून तो असा वाहवत जातो? माझे दिरही तिथेच, पण ते निदान स्वतःच्या घरात झोपले होते.

"उठवू का?" धाकटीने हळूच विचारलं.

"राहू दे. दुसऱ्याच्या घरी तमाशा नको." मग जरा इकडे तिकडे बघितलं आणि म्हटलं, "तुझं मशीन जरा कमीच गार करतं, नाही का?" माझ्या हातावर काटा आला होता, तो मी मागे लपवला.

"असेल हो ताई. आम्हाला पुरतं."

बघा. ही अशी आहे. भांडायला म्हणून हातात धरावी तर साबणाच्या वडीसारखी सुळकन निसटते. कागदाचं सांगितलं तर म्हणाली, "हरकत कसली? तुमच्याकडे गारवा झाला तर मला आनंदच आहे. नाहीतरी तुम्हाला खाली-वर करायला त्रासच होतो." आणि लिहूनही दिलं, माझ्यापेक्षा चांगल्या अक्षरात.

दुसऱ्या दिवशी डबा टांगायचा घाट घातला. वरून बीमला हात पोचत नव्हता, म्हणून होऊन जाईल धाकटीच्या खिडकीत उभा राहून काम करणार असं ठरलं. डबा आमच्या खिडकीतून दोरांवर सोडायचा. दोराला हे, लेक आणि दीर. सेक्रेटरी देखरेखीला, म्हणजे दोराला सोडून सगळ्याला हात लावत होते. मास्तर खाली रस्त्यावर उभे राहिले आणि दोर तुटला तर डबा कुठे पडेल याचं गणित मोठ्याने करू लागले. "आत्ता सुटला तर त्या छत्रीवाल्याच्या डोक्यात... आता वारा आहे, आता तुमच्या!" माणसं रस्ता ओलांडून पलीकडून जायला लागली.

डबा अर्ध्यावर आला आणि दोराला गाठ पडून तिथेच अडकला. ना वर, ना खाली. वर आमची माणसं लालबुंद होऊन दोर धरून, मध्ये माझी इज्जत हवेत हेलकावे खातेय, आणि खालून काय ऐकू यावं? "दादा, चहात साखर किती?" धाकटी खिडकीतून होऊन जाईलला चहा विचारत होती! आणि तो बघा, पट्ट्यावर लोंबकळत बशीतून चहा पितोय आणि म्हणतोय, "वहिनी, तुमच्या हाताला चव आहे."

"माझं मशीन बसवायला आलायत ना?" मी वरून ओरडले.

"होऊन जाईल, काकू." तिला वहिनी, मला काकू. ती माझ्याहून काही फार लहान नाही, नुसती केस रंगवते.

गाठ सुटली, लोखंडी अँगल बसले, बोल्ट आवळले. मी म्हटलं, पक्कं आहे कशावरून? लोंबकळून दाखवा. तो बिचारा दोन्ही हातांनी डब्याच्या अँगलला लोंबकळला. मी म्हटलं, पाय उचला. त्याने पाय उचलले. डबा हलला नाही. खाली मास्तरांचा चेहरा पडला.

संध्याकाळी मी मुद्दाम रस्त्यावर फेरी मारायला गेले. आपली वस्तू लांबून बघण्यात वेगळंच समाधान असतं. कोपऱ्यावरची शिवणकाम करणारी बाई मान वर करून बघतच होती. मी तिच्याशेजारी जाऊन उभी राहिले आणि हळूच म्हटलं, "मोठं आहे, नाही?"

"हो ना," ती म्हणाली. "तुमच्या धाकट्या जाऊबाईंचं नशीब बघा. एक होतं, आता दुसरं घेतलं. दोन दोन मशिनं!"

मी वर बघितलं. धाकटीची खिडकी. खिडकीखाली धाकटीचा छोटा डबा. खिडकीवर माझा मोठा डबा. दोन्ही तिच्याच खिडकीला कानात डूल घालावेत तसे. आणि माझी खिडकी? मोकळी. वर एक भोक.

मोठं मशीन मी आणावं, दोर माझ्या माणसांनी ओढावा, आणि मिरवावं तिने? घरी येऊन यांना म्हटलं, डब्यावर बाण काढा, वरच्या दिशेला, लाल रंगाचा. सेक्रेटरी म्हणाले, दर्शनी भागावर बाण चालणार नाही. मग मी लाल दोरी घेतली, माझ्या खिडकीच्या गजाला बांधली आणि दुसरं टोक होऊन जाईलकडून डब्याला बांधून घेतलं. गायीला दावं असतं ना, तसं. गाय कोणाची ते दाव्यावरून कळतंच की. तर मास्तरांनी चारचौघांत सांगितलं, "डबा पडायला झालाय, म्हणून वहिनींनी वरून बांधून धरलाय." झालं! त्या बाजूने कोणी जाईना. शिवणकामवाली दुकान लवकर बंद करून गेली.

आणि वन्सं आल्या. फोनवर मी मशीनचं मुद्दामच सांगितलं नव्हतं, डोळ्यांनीच बघू दे म्हणून. मी खिडकीत उभी राहून वाट बघत होते. गाडीतून उतरल्या, मान वर केली, दोन्ही डब्यांकडे बघितलं, हसल्या. मी हात हलवला. त्यांनी मला बघितलं नाही. मी जिन्याच्या दारात जाऊन उभी राहिले. पावलं वाजली, एक मजला चढली, आणि थांबली. खाली धाकटीची बेल वाजली.

असा आवाज ऐकायची पाळी शत्रूवरही येऊ नये. मी जिना उतरले की पडत पडत आले, माहीत नाही. वन्संनी बॅग आत ठेवलीसुद्धा होती.

"वन्सं, ती बॅग उचला. तो वरचा डबा माझा आहे."

"तुझा? मग हिच्या खिडकीवर कसा?"

"मोठी गोष्ट आहे. वर गारव्यात बसून सांगते."

"अगं पण दोरी कसली बांधलीयस त्याला?"

"तीही वर सांगते."

धाकटीकडे मी बघितलंच नाही. बॅग मीच उचलली. दगड भरल्यासारखी जड होती, पण एवढं हलकं ओझं मी आयुष्यात वाहिलं नसेल.

मशीन लावलं. एवढ्याशा खोलीत एवढं मशीन. बघता बघता काचेवर वाफ धरली. वन्सं म्हणाल्या, "वा!" तो 'वा' खाली ऐकू जावा म्हणून मी दार उघडं ठेवलं. आणि माणूस चुकतो कुठे, तर जिंकल्यावर. मला राहवलं नाही. खाली जाऊन म्हटलं, "या गं, बघून तरी जा."

धाकटी आली. दीर आले. बघितलं, आणि बसले. जेवणं झाली तरी उठेनात. दुपारी बघते तर खाटेवर वन्सं, वन्संच्या शेजारी, माझ्या जागेवर, धाकटी. खाली दीर, हे, लेक, सून. माझ्या खोलीत मला पाय ठेवायला जागा नाही. मी चहा टाकायला उठले की मागून ओरडा, "दार लावा, गारवा जातोय!" चहा घेऊन आले की, "अगं दार!" माझ्याच घरात मला दाराबाहेर उभं केलं. स्वयंपाकघरात घामाच्या धारा, आणि बंद दाराआड वन्सं आणि धाकटी खिदळतायत. कोणावर हसत होत्या? मी दाराला कान लावला. माझ्या विहीणबाईंची झडती चालली होती! माझ्या विहिणीची झडती, आणि ती धाकटीबरोबर?

दार थोडं उघडून मी डोकं आत घातलं. धाकटी पडल्या पडल्याच म्हणाली, "ताई, बरं झालं आलात. खाली माझी उशी आहे, ती आणता का? उठवत नाहीये." आणि किल्ली पुढे केली.

मी थोरली. मी हिची उशी आणू! पण वन्संसमोर मला वाद नको होता. किल्ली घेतली आणि खाली गेले. दार उघडलं. शांत. उशी सोफ्यावरच होती. उशीशेजारी मशीनचा रिमोट. मी उशी उचलली. मग खाली ठेवली. मग रिमोट उचलला.

सोफ्यावर पाय वर घेऊन बसले. हळूहळू गारवा आला. मेलीच्या मशीनचा काडीचा आवाज नाही. माझं तर वरून जेट गेल्यासारखं घरघरतं. खरं सांगायचं तर गारवाही चांगला होता, अंगाला बोचत नव्हता. पण हे मी कुठे बोलणार नाही.

दार ढकललं गेलं. मी दचकून उशी पोटाशी धरली. वन्सं होत्या.

"तू इथे होय? मी शोधतेय तुला. वर हाडं गोठली माझी. आणि दादा घोरतो. शिवाय धाकटीला काही सांगण्यात अर्थ नाही गं, ती सगळ्यांची बाजू घेते." असं म्हणून त्या माझ्या शेजारी पसरल्या, धाकटीची उशी डोक्याखाली घेतली आणि म्हणाल्या, "हं, सांग आता. विहीण काय म्हणाली?"

मग मी सांगितलं. पहिल्यापासून सांगितलं. विहीण झाली, मावससासू झाली, मधली नणंद झाली. वरती आमची सगळी मंडळी माझ्या दोन चादरींत चौघं-पाचजण कुडकुडत असतील, असू देत. भोक बुजवलेलं नव्हतं, त्यातून यांचं घोरणं खाली ऐकू येत होतं.

मधेच वन्संच्या लेकीचा फोन आला. पोचलीस का, कुठे उतरलीस, असं विचारत असणार. माझे कान टवकारले. उघडच होतं, आता काय ते ठरणार.

"हो हो, पोचले," वन्सं म्हणाल्या. "थोरल्या वहिनीजवळच आहे मी..."

त्यापुढे त्या काहीतरी म्हणाल्या, पण मला काही ऐकू आलं नाही. धाकटीच्या मशीनचा आवाज फार.